पहिली गाडी थोरलीची

इस्पितळाचे वरचे चार मजले माणसांचे आणि तळघर चादरींचं. वर सगळी धावपळ, डॉक्टर, नातेवाईक, फुलं, फळं. खाली कोण कशाला येतंय? खाली चार मोठी मशीन, दोन ड्रायर, लांबलचक इस्त्रीचा रोलर, घड्या घालायचं टेबल आणि ह्या सगळ्याच्या मधोमध, हे सगळं माहेराहून आणल्यासारखी वावरणारी एक बाई. धुलाई विभागाची प्रमुख. नावाने तिला कोणी हाक मारत नसे. ती नोकरीला लागली तेव्हा तळघरात एकाच नावाच्या दोघी होत्या, म्हणून ही थोरली आणि दुसरी धाकटी. धाकटी वर्षभरात लग्न करून निघून गेली, पण थोरली थोरलीच राहिली. तिच्याहून सात वर्षांनी मोठा ड्रायरवालासुद्धा तिला थोरलीच म्हणायचा, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

आता चादर धुण्यात काय मोठंसं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा सकाळी सातला तिथे उभं राहून दाखवावं. वरून मळक्या कपड्यांच्या गाड्या लिफ्टने खाली येतात. त्या झाडणीच्या टेबलावर रिकाम्या करायच्या, एकेक चादर उघडून दोन्ही अंगांनी बघायची, अभ्र्यात हात घालून कोपरे चाचपायचे. कारण माणसं चादरींत काय गुंडाळून पाठवतील ह्याचा नेम नाही. चष्मे, कवळ्या, चमचे, सुया, एकदा तर अर्धा खाल्लेला पाव आणि त्याला लावलेलं लोणी. रात्रभर साठलेली, सगळ्यांत घाण अशी ती सातची पहिली गाडी. पूर्वीच्या प्रमुखाच्या काळात ती सगळ्यांत नव्या माणसाच्या गळ्यात पडायची. थोरली प्रमुख झाली त्या दिवसापासून पहिली गाडी तिची. बारा वर्षं, एकही सकाळ चुकवली नाही.

चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा कौतुकाने विचारलं, प्रमुख असून हे का करता? ती म्हणाली, प्रभूने कंबरेला पंचा बांधून शिष्यांचे धुळीचे पाय धुतले, मग मी काय मोठी लागून गेले? आणि लगेच पुढे म्हणाली की पाळकसाहेब, आता ह्यावर प्रवचन करू नका, सगळे वळून माझ्याकडे बघतील. पाळकसाहेबांनी पुढच्याच रविवारी प्रवचन केलं आणि सगळे वळून तिच्याकडे बघत राहिले.

तळघरात नऊ जण होते. सगळे काही चर्चला जाणारे नव्हते, आणि थोरलीनेही कधी कोणाला ओढलं नाही. ती फक्त दहा मिनिटं लवकर यायची. बंद मशीनला टेकून उभी राहायची आणि एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करायची: ह्याच्या आईचा गुडघा, तिच्या मुलीची परीक्षा, त्याचं ते कधी न जमणारं लग्न. मग एप्रन बांधायचा आणि पहिल्या गाडीला हात घालायचा. ज्याचं नाव सकाळी देवापुढे घेतलं त्याच्यावर दिवसभरात फार ओरडता येत नाही, असं ती नवऱ्याला सांगायची. थोडं येतं, असंही म्हणायची.

आणखी एक गोष्ट त्या तळघरात होती, जी दुसऱ्या कुठल्या धुलाईत नसेल. टेबलाच्या वर भिंतीला एक दोरी बांधलेली होती आणि तिच्या टोकाला डब्यात कपड्यांचे लाकडी चिमटे. ज्याच्या हातून काही चुकलं त्याने स्वतः उठून दोरीला चिमटा लावायचा आणि काय झालं ते मोकळेपणी सांगायचं. कोणी बोल लावायचा नाही. सगळ्यांनी मिळून ती चूक निस्तरायची आणि निस्तरली की ज्याचा त्याने चिमटा काढून डब्यात टाकायचा.

ह्या दोरीला कारण होतं. जुना प्रमुख म्हणजे तोफखाना. कोणाचं काही चुकलं की चार खोल्यांपलीकडे ऐकू जायचं. त्यामुळे झालं काय, की एकाला एकदा चादरीत सुई सापडली आणि ‘आता मलाच विचारतील’ ह्या भीतीने त्याने ती चादर तशीच गुंडाळून ढिगात परत टाकली. ती सुई थोरलीच्या तळहातात गेली. मग रक्ताच्या तपासण्या, आणि तीन महिने जीव मुठीत. निघालं काही नाही, देवाची कृपा. पण त्या तीन महिन्यांत तिला एक गोष्ट पक्की कळली, की सुईने तिला टोचलं नव्हतं, टोचलं ते त्या माणसाच्या भीतीने. पुढे प्रमुखपद तिच्याकडे आलं तेव्हा तिला रविवारची उपासना आठवली. तिथे आभाराच्या आधी पापांची कबुली असते, आणि पुढे उभा असलेला माणूसही सगळ्यांबरोबर गुडघे टेकतो. पहिल्याच सकाळी तिने दोरी बांधली आणि पहिला चिमटा स्वतःचा लावला. कसला, तर आदल्या दिवशी कामावरच्या दोघींवर ती उगाच खेकसली होती त्याचा.

त्या दोरीवर काय काय लागलं होतं म्हणून सांगावं! अतिदक्षता विभागाच्या चोवीस गरम ब्लँकेटांचा चिमटा तर अजून सगळ्यांच्या तोंडी होता. मशीन लावणाऱ्या नव्या माणसाने ती उकळत्या पाण्यावर टाकली आणि बाहेर काढली तेव्हा ती बाहुलीला पांघरता आली असती. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी त्याला घरी पाठवायचं ठरवलं होतं. थोरली वर गेली आणि म्हणाली, मशीन त्याच्या हातात मी दिलं, शिकवायला कमी पडले ती मी, तेव्हा आधी माझा हिशेब करा. तो राहिला. तेव्हापासून तो मशीनचं प्रत्येक बटण तीन-तीनदा बघतो आणि दर वेळी स्वतःशीच ‘सावकाश, सावकाश’ म्हणतो. म्हणून त्याचं नाव सावकाश. अकरा वर्षांत त्याच्याकडून पायपुसणंसुद्धा आटलेलं नाही.

तर अशा ह्या तळघरात मंगळवारी दुपारी तिसऱ्या मशीनच्या जाळीत एक कानाचं मशीन सापडलं. घेवड्याच्या दाण्याएवढं. गरम पाण्यात पाऊण तास घुसळून निघालेलं, अर्थातच गतप्राण.

ते तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं होतं. हे आजोबा आयुष्यभर स्टेशनवर उद्घोषक होते, कुठली गाडी कुठल्या फलाटावर येणार ते साऱ्या गावाला सांगणारे. आता स्वतःलाच काही ऐकू येईना, म्हणून कानाला ते मशीन. लांब राहणारी मुलगी रोज संध्याकाळी सहाला फोन करायची, आणि तेवढ्यासाठी आजोबा साडेपाचपासून केस विंचरून बसायचे. रात्री मशीन काढून उशीखाली ठेवलं, ते अभ्र्यात शिरलं आणि सकाळच्या पहिल्या गाडीने खाली आलं. मुलाने रीतसर तक्रार केली. इस्पितळाने नवं मशीन मागवलं, पण कानाच्या मापाचं येणार, तीन आठवडे लागणार. वरच्या साहेबांनी थोरलीला निरोप धाडला: शुक्रवारपर्यंत नाव हवं, त्या माणसाला कामावरून कमी करायचं आहे.

साहेब नवे होते, आठ महिन्यांचे. वय थोरलीच्या मुलीएवढं. माणूस वाईट नव्हता, पण काय झालं ह्यापेक्षा कोणी केलं हे त्याला आधी लागायचं. आल्या आल्या त्याने एक पत्रक काढलं होतं, की प्रमुखांची दरवर्षी तपासणी होईल आणि नजर-बिजर कमी निघाली तर पद जाईल.

आणि इथेच पाणी मुरत होतं. थोरलीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सात-आठ महिन्यांपासून तिला सगळं दुधाच्या सायीतून बघितल्यासारखं दिसायचं. हे तिच्याशिवाय फक्त तिच्या नवऱ्याला माहीत होतं, निदान तिची तशी समजूत होती. नवरा घड्याळजी, केसाएवढे स्क्रू बसवणारा माणूस, त्याच्यापासून काय लपणार? तो म्हणायचा, ऑपरेशन करून घे, अर्ध्या दिवसाचं काम. ती म्हणायची, बघू. चर्चमध्ये गीतांचं पुस्तक उघडं धरून ती सगळं पाठ म्हणायची. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं, तेवढं रेटू, असा तिचा बेत. लोकांना सांगायला हे कारण बरं होतं. खरं कारण वेगळंच होतं. सकाळचे सात वाजलेत आणि पहिल्या गाडीपाशी आपण नाही, हे चित्रच तिला बघवत नव्हतं. माणसाला सेवेचीही घमेंड चढते, आणि ती उतरवायला फार जड जातं.

म्हणून जाळीत ते यंत्र सापडलं तेव्हा तिला लगेच उमगलं. गाडी तिची. अभ्रे तिने झाडलेले. पांढऱ्या अभ्र्यातला पांढरा दाणा तिला दिसला नव्हता, आणि हातमोज्यातल्या बोटांना तो लागला नव्हता. ती दोरीकडे जायला उठली. खरंच उठली. पण तिच्या आधी सावकाश तिथे पोचला होता. त्याने चिमटा लावला आणि सगळ्यांकडे पाठ करून म्हणाला, की ती गाडी आज मी झाडली, थोरली फोनवर होत्या, माझ्याकडून राहिलं.

थोरली फोनवर नव्हती. सगळ्या तळघराला ते माहीत होतं. थोरली पुन्हा खाली बसली. ती बसली हेच तिचं चुकलं, आणि बसताना तिला ते कळत होतं.

बुधवारी सकाळी ती मशीनला टेकून नावं घ्यायला लागली. सावकाशच्या नावाशी आली आणि अडली. पुढचं कोणाचंच नाव घेता येईना. तिने एप्रन बांधला, गाडी झाडली, दिवसभर कामाला जुंपून घेतलं, विनाकारण साबणाचे डबे ओळीने लावले. घरी नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, डोकं दुखतंय. नवऱ्याने विचारलं, डोकं की डोळे? ती न जेवताच झोपायला गेली.

गुरुवारी सकाळी साहेब स्वतः तळघरात उतरले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच. वाफ, घरघर, ओला वास, त्यांना कुठे उभं राहावं ते कळेना. मग त्यांची नजर दोरीवर गेली. हे काय, म्हणून त्यांनी मोठ्या जावेला विचारलं. घड्यांच्या टेबलावर दोघी सख्ख्या जावा काम करायच्या, एकाच घरात नांदणाऱ्या आणि दोन्हीकडे भांडणाऱ्या. मोठी जाऊ भोळी, साहेबाने विचारलंय म्हटल्यावर तिने सगळी रीत समजावून सांगितली. साहेबांनी विचारलं, मग हा चिमटा कोणाचा? सावकाश पुढे झाला. माझा, म्हणाला.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. ते म्हणाले, चला, नाव मिळालं, चार वाजता वर येऊन पत्र घेऊन जा. आणि गेले.

थोरलीने दोरीकडे बघितलं. बारा वर्षं माणसांना धीर यावा म्हणून जी दोरी राखली, तिचाच फास झाला होता, आणि तोही कोणाच्या गळ्यात, तर ज्याने अकरा वर्षांत एक पायपुसणं आटू दिलं नाही त्याच्या. चारला पाच तास होते. तिने तोंड उघडलं तर पहिली गाडी गेली, पद गेलं. नाही उघडलं तर हा गेला. म्हटलं तर किती सोपी गोष्ट. पण पाच तासांतले पहिले दोन तिने चादरी मोजण्यात घालवले.

दुपारच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले. सावकाशने डबा उघडला नव्हता. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

“का लावलास चिमटा?” ती म्हणाली.

“माझी ब्लँकेटं तुम्ही अंगावर घेतली होती,” तो म्हणाला. “मला वाटलं, फेडायची वेळ आली.”

थोरलीने त्याचा डबा उघडून त्याच्यापुढे केला. मग म्हणाली, “ब्लँकेटांच्या वेळी मी खोटं बोलले नव्हते रे. तुला शिकवायला मी कमी पडले होते, तेवढंच सांगितलं. तू मात्र खोटं बोललास. आणि मी दोन दिवस तुला ते बोलू दिलं.”

साडेतीनला तिने चारही मशीन बंद करायला लावली. असं ती कधीच करत नसे, त्यामुळे सगळे हातातलं टाकून आले. तिने दोरीवरचा सावकाशचा चिमटा काढला आणि त्याच्या हातात दिला. डब्यातून दुसरा घेतला. तो दोरीला लावताना तिला दोरी नीट दिसेना, दोनदा चिमटा नुसत्याच हवेत मिटला, तिसऱ्यांदा लागला.

“गाडी मी झाडली,” ती म्हणाली. “मला दिसत नाही. सात-आठ महिने झाले. तुम्हाला चुका सांगायला शिकवलं आणि माझी लपवली. मला माफ करा.”

आता सगळे गप्प होतील, कोणी रडेल, कोणी पाया पडेल, असं तिला वाटलं असेल. तसं काही झालं नाही. मोठी जाऊ उठली, डब्यातून चिमटा घेतला आणि थोरलीच्या चिमट्याशेजारी लावला. तिच्यामागून लहान जाऊ उठली, तिनेही लावला. दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या राहिल्या.

मग मोठीने सांगितलं. तुमच्या डोळ्यांचं आम्हाला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे. तुम्ही साडेसातला भांडारात चादरी मोजायला जाता ना, त्या पंधरा मिनिटांत आम्ही दोघी तुमची गाडी दुसऱ्यांदा झाडतो, मगच सावकाश मशीन लावतो. गेले सहा महिने रोज. दोन कवळ्या, एक चष्मा आणि चार सुया काढल्या आम्ही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. मंगळवारी आमचं वाजलं होतं, हिने माझं पातेलं नेऊन त्याचा तळ करपवला. बोलणं बंद होतं. मला वाटलं हिने झाडली, हिला वाटलं मी झाडली.

लहान जाऊ खाली बघत म्हणाली की पातेल्याचा तळ आधीच करपलेला होता. पण त्यावर त्या दिवशी कोणी वाद घातला नाही.

थोरली टेबलाला धरून बसली. सहा महिने. तिला वाटत होतं, आपण ह्या आठ जणांना सांभाळतोय. रोज सकाळी मोठ्या मनाने पहिली गाडी ओढतोय. आणि हे रोज तिच्या पाठीमागे, तिला लागू नये म्हणून, आवाज न करता, तिचं काम पुन्हा करत होते. तिला रडूच फुटलं. लाज होती, नाही असं नाही, पण लाजेपेक्षा दुसरंच काही तरी फार मोठं होतं. नवऱ्याला ती पुढे म्हणाली, मी दोन दिवस देवाकडे तोंड वर करून बघितलं नाही, आणि त्याने सहा महिने आधीच माझी सोय करून ठेवली होती.

चारला सगळे मिळूनच वर गेले. साहेबांच्या खोलीत नऊ ओले एप्रन मावेनात. थोरलीने सांगितलं, चूक माझी आहे. साहेबांनी टेबलावरचा कागद तिच्यापुढे केला, की हे तपासणीचं पत्रक तुम्ही वाचलं होतं ना. ती म्हणाली, नवऱ्याकडून वाचून घेतलं होतं, मला वाचता आलं नाही.

साहेबांनी कागद खाली ठेवला. मंगळवारी का नाही सांगितलं, म्हणून विचारलं.

“भीती वाटली,” थोरली म्हणाली.

“माझी?”

“तुमची नाही, साहेब. सकाळी सात वाजता मी कुठे असेन, त्याची.”

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत बसले. त्यांना एक नाव हवं होतं आणि इथे चार-चार जण आपलंच नाव पुढे करत होते. असं कसं कागदावर घ्यायचं, हे कुठल्या शिक्षणात सांगितलं असणार? शेवटी म्हणाले की कोणाला कमी करत नाही. पण थोरलीला प्रमुख म्हणून ठेवता येणार नाही, तिने उद्यापासून रजेवर जाऊन डोळे करून घ्यावेत, आणि सावकाशने काम बघावं. सावकाशचं तोंड बघण्यासारखं झालं. थोरलीने मात्र मान हलवली आणि साहेबांचे आभार मानले, मनापासून. इतके दिवस ज्या गोष्टीला ती भीत होती ती होऊन गेली होती, आणि ती अजून दोन पायांवर उभी होती.

खाली जायच्या आधी ती तिसऱ्या मजल्यावर गेली. आजोबांना ऐकू येईना आणि तिला दिसेना. तिने त्यांच्या पलंगापाशी ठेवलेली पाटी घेतली आणि जाड मोठ्या अक्षरांत लिहिलं, म्हणजे आपल्याला तरी दिसावं: तुमचं यंत्र माझ्या हातून गेलं. माफ करा. आजोबांनी पाटी लांब धरून वाचली आणि खणखणीत उद्घोषकी आवाजात म्हणाले की एवढी मोठी अक्षरं काढून माझ्यावर ओरडतेस कशाला? सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. मग आवाज उतरवून ते म्हणाले, मशीन एरवीही शिट्ट्या मारायचं, त्याचं काही नाही, फक्त सहाचा फोन तेवढा राहतो.

चूक सगळ्यांनी मिळून निस्तरायची, ही रीत. म्हणून त्या संध्याकाळपासून रोज सहाला तळघरातलं कोणी तरी आजोबांच्या पलंगाशी बसायचं, फोन कानाला लावायचं, मुलगी काय म्हणते ते पाटीवर लिहायचं आणि आजोबा उत्तर फोनमध्ये ठणकावून सांगायचे. जावा दोघी जोडीने जायच्या, एक ऐकायची आणि एक लिहायची, आणि ऐकणारीने सांगितलं तेवढंच लिहिणारीने लिहिलं की नाही ह्यावर जिन्यात वाद घालत उतरायच्या. सावकाश गेला की फोन संपायला पाऊण तास लागायचा. नवं मशीन तीन आठवड्यांनी आलं. मुलीने फोनवर विचारलं म्हणे, आता ती माणसं येणार नाहीत का?

थोरली दीड महिन्याने परत आली. दोन्ही डोळे झाले होते. पायऱ्या उतरल्या उतरल्या तिचं लक्ष भिंतींकडे गेलं आणि ती म्हणाली, अगं बाई, ह्या एवढ्या कळकट होत्या? पहिल्या गाडीपाशी सावकाश उभा होता, कोपरापर्यंत हातमोजे चढवून, एकेक अभ्रा उलटा करत, ‘सावकाश, सावकाश’ म्हणत. तो बाजूला सरकायला लागला. तिने त्याला हाताने थांबवलं आणि स्वतः टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. आता तो झाडून ठेवायचा ते ती दुसऱ्यांदा झाडायची. साहेबांनी तसा नियमच काढला होता, की प्रत्येक गाडी दोघांनी दोनदा झाडावी. पत्रकात त्यांनी ही कल्पना स्वतःची म्हणून घातली होती. तळघरात त्यावर आठवडाभर हसणं झालं. थोरली म्हणाली, घालू दे, सुया निघाल्याशी मतलब.

तिने दोरीवरचा आपला चिमटा काढला. जावांनी आपले आधीच काढले होते. पातेलं मात्र अजून निस्तरायचं होतं.

त्या रविवारी ती नवऱ्याशेजारी नेहमीच्या बाकावर बसली. आभाराचं गीत सुरू झालं आणि तिने कितीतरी दिवसांनी पुस्तकातलं अक्षर न् अक्षर स्वच्छ बघितलं. पहिलं कडवं झालं. दुसरं तिने दणक्यात सुरू केलं आणि पुस्तकात बघून अडखळली. तिच्या तोंडात तिसरं कडवं होतं. म्हणजे इतके महिने ती दुसऱ्याच्या जागी तिसरं आणि तिसऱ्याच्या जागी दुसरं म्हणत आली होती, भर चर्चमध्ये, खड्या आवाजात. आणि तिला एकदाही चुकल्यासारखं वाटलं नाही, कारण शेजारून नवराही तेच म्हणत होता. आत्तासुद्धा, पुस्तक समोर उघडं असताना, तो तिसरंच म्हणत होता.

उपासना संपल्यावर तिने विचारलं, “तुम्हाला दिसत होतं ना? मग चुकीचं का म्हणत होतात?”

“मी बरोबर म्हटलं असतं,” घड्याळजी म्हणाला, “तर तू एकटी पडली असतीस.”

थोरलीच्या नव्या डोळ्यांना डॉक्टरांनी पाणी लागू द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. ते काही तिला पाळता आलं नाही. मग तिने पिशवीत हात घालून एक लाकडी चिमटा काढला, तिच्या पिशवीत एखादा असायचाच, आणि तो नवऱ्याच्या शर्टाच्या खिशाला लावला. दारात पाळकसाहेबांनी हे काय म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, चूक झाली होती. घरी पोचेपर्यंत त्याने तो काढला नाही.